इमेजजेचा मॅक्रो टर्मिनलवरून चालवायचा कसा: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

इमेजजे हे प्रतिमा मोजण्याचे सॉफ्टवेअर आहे, आणि मॅक्रो म्हणजे त्याच्या आज्ञांची साठवलेली यादी. असा मॅक्रो पडद्यासमोर नीट चालतो. तोच टर्मिनलवरून चालवला की तीनपैकी एक गोष्ट होते. तो काही न सांगता बंद पडतो, किंवा तासन्‌तास अडकून राहतो, किंवा व्यवस्थित संपतो पण आकडे वेगळेच देतो. पहिल्या दोन चुका निदान लगेच दिसतात. तिसरी दिसत नाही, आणि ते आकडे तक्त्यात आणि तिथून अहवालात जातात. म्हणून हा लेख सर्वांत जास्त तिसऱ्या चुकीवर रेंगाळणार आहे.

बहुतेक जण आज्ञेत दुरुस्ती करत बसतात. दोष मात्र सहसा मॅक्रोत असतो, कारण तो लिहिताना समोर कुणीतरी बसले आहे असे आपण गृहीत धरलेले असते. कुणीतरी फोल्डर निवडेल, "ठीक" दाबेल, योग्य खिडकी पुढे आणेल. ही गृहीतके आधी मॅक्रोतून काढायची आणि मगच टर्मिनल उघडायचे. हा क्रम उलटा केला की दिवस जातो.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. खाली आज्ञा आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टंकायची आहेत. फंक्शनच्या नावातली लहान-मोठी अक्षरे जशी मॅक्रो रेकॉर्डरमध्ये दिसतात तशीच ठेवा.

## टप्पा १: कोणती प्रत चालवायची ते ठरवा

साधे इमेजजे आणि फिजी (पुष्कळ प्लगिनांसह, म्हणजे जोडकार्यक्रमांसह, मिळणारी इमेजजेची प्रत) यांत इथे मोठा फरक पडतो. साध्या इमेजजेला `-बॅच` हा पर्याय आहे. तो मुख्य खिडकी न दाखवता मॅक्रो चालवतो आणि काम संपले की बाहेर पडतो. पण "खिडकी दाखवत नाही" म्हणजे "पडद्याची गरज नाही" असे नव्हे. आतून जावाची खिडक्यांची व्यवस्था वापरली जातेच. त्यामुळे पडदा नसलेल्या सर्व्हरवर `हेडलेस-एक्सेप्शन` ही त्रुटी येते.

फिजीचा `--हेडलेस` पर्याय याहून पुढे जातो. इमेजजेच्या आज्ञांना आपण जी पर्यायांची ओळ देतो ती वाचण्याचे काम मूळ रचनेत संवादचौकटच करते. चौकट तयार होऊ शकली नाही तर आज्ञाही चालत नाही. फिजी सुरू होताना चौकटीच्या या कोडमध्येच बदल करते, त्यामुळे चौकट न उघडता पर्याय वाचले जातात. म्हणून पडद्याविना काम करायचे असेल तर फिजीच घ्या. साध्या इमेजजेला जावाचा हेडलेस झेंडा लावून भागेल असे पुष्कळांना वाटते. एखादी पर्याय घेणारी आज्ञा आली की ते तिथेच कोलमडते.

फिजी सुरू करणाऱ्या फाइलचे नाव प्रतीप्रमाणे बदलते. जुन्या प्रतींत लिनक्सवर ते `इमेजजे-लिनक्स६४` असते, नव्या प्रतींत `फिजी-लिनक्स-एक्स६४`. विंडोज आणि मॅकवर ती वेगळी आहेत, आणि मॅकवर ती फाइल ॲपच्या पोटात `कंटेंट्स`, मग `मॅकओएस` या फोल्डरात सापडते. जुनी आज्ञा डोळे झाकून चिकटवू नका. आधी फोल्डर उघडून नाव पाहा.

तपासणी: मॅक्रोला हात लावण्याआधी एवढेच चालवा.

`./इमेजजे-लिनक्स६४ --हेडलेस --कन्सोल -इव्हॅल 'प्रिंट(गेटव्हर्जन());'`

आवृत्तीचा क्रमांक छापला गेला की पाया पक्का. तो क्रमांक कामाच्या वहीत लिहून ठेवा. काम अर्धे झालेले असताना फिजी अद्ययावत करू नका.

विंडोजवर इथे दोन अडचणी येतात. `--कन्सोल` विसरलात तर छापलेला मजकूर दिसत नाही आणि मॅक्रो चाललाच नाही असा समज होतो. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या कमांड खिडकीला एकेरी अवतरणचिन्हे कळत नाहीत, म्हणून तिथे बाहेरची चिन्हे दुहेरी द्या.

## टप्पा २: मॅक्रोतून माणूस काढा

मॅक्रोची फाइल उघडा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून शोधा.

`डायलॉग.क्रिएट`, `गेटनंबर`, `गेटस्ट्रिंग`, `शोमेसेज`, `वेटफॉरयूजर`: ही सगळी उत्तराची वाट पाहतात. काढून टाका. मूल्ये बाहेरून आली पाहिजेत, ती कशी आणायची ते टप्पा ४ मध्ये आहे.

फोल्डर निवडायला लावणारे `गेटडिरेक्टरी` आणि फाइल निवडायला लावणारे `फाइल.ओपनडायलॉग` यांचीही तीच गत.

`सिलेक्टविंडो("रिझल्ट्स")`: हेडलेसमध्ये ही खिडकीच नसते, म्हणून मॅक्रो इथे थांबतो. मोजमापांचा तक्ता मात्र स्मृतीत असतो. खिडकी न निवडता तो थेट जतन करता येतो आणि `क्लिअर रिझल्ट्स` आज्ञेने रिकामाही करता येतो.

आरओआय मॅनेजर (प्रतिमेतल्या निवडलेल्या भागांची यादी ठेवणारा): तो मुळात एक खिडकी आहे, आणि पडद्याविना त्याच्या वागण्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. प्रतिमेतले कण किंवा पेशी मोजणाऱ्या `ॲनालाइझ पार्टिकल्स` मधला "ॲड" पर्याय आपण सवयीने लावून ठेवतो. आकडेच हवे असतील तर तो काढा. आकार जपून ठेवायचे असतील तर "शो" मध्ये मास्क (मोजलेले आकार दाखवणारी द्विरंगी प्रतिमा) मागा आणि ती प्रतिमा टिफ म्हणून जतन करा. मास्क जेपेगमध्ये कधीच साठवू नका, त्याच्या दाबणीत कडांचे बिंदू बदलतात.

मॅक्रोच्या पहिल्या ओळींत `सेटबॅचमोड(ट्रू)` असू द्या. त्याने प्रतिमा पडद्यावर रंगवण्याचा वेळ वाचतो. मॅक्रो २० पटींपर्यंत जलद चालू शकतो असे इमेजजेच्या फंक्शनसूचीत म्हटले आहे. हे फंक्शन, `-बॅच` हा पर्याय आणि `--हेडलेस` हा पर्याय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लावला म्हणून दुसरा आपोआप लागत नाही.

आणखी एक जागा जिथे चांगले लिहिणारेही अडखळतात. `सेव्हॲज` केल्यावर प्रतिमेचे शीर्षक नव्या फाइलच्या नावाने बदलते. पुढच्या ओळीत जुन्या शीर्षकाने ती शोधली तर सापडत नाही. प्रतिमा उघडल्याबरोबर `गेटइमेजआयडी` ने तिचा क्रमांक घ्या आणि पुढे नेहमी `सिलेक्टइमेज` ला तो क्रमांक द्या.

तपासणी: बदललेला मॅक्रो पडद्यावरच चालवा आणि माउसला हात लावू नका. एकही चौकट उघडली तर हा टप्पा संपलेला नाही.

## टप्पा ३: लपलेल्या सेटिंग मॅक्रोत लिहा

चुकीचे आकडे येतात ते बहुतेक इथून.

इमेजजे आपल्या आवडीनिवडी `आयजे_प्रेफ्स` नावाच्या फाइलमध्ये, वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात साठवते. कोणती मोजमापे घ्यायची, द्विरंगी प्रतिमेत पार्श्वभूमी काळी मानायची की पांढरी, असे बरेच काही त्यात असते. तुमच्या संगणकावर या गोष्टी कधीतरी मेनूतून ठरवलेल्या असतात आणि तुम्ही त्या विसरलेल्या असता. सर्व्हरवर, किंवा त्याच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने मॅक्रो चालला की दुसरी फाइल वाचली जाते. मॅक्रो तोच, प्रतिमा त्याच, उत्तर वेगळे.

माझ्याच कामात हे घडले आहे. दोन संगणकांवर एकाच प्रतिमासंचातल्या पेशींची संख्या जुळेना. उंबरठा (पेशी आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी उजेडाची पातळी) बदलून पाहिला, गाळण्या बदलून पाहिल्या. शेवटी फरक सापडला तो काळ्या पार्श्वभूमीच्या एका खुणेत: एका संगणकावर ती लावलेली होती, दुसऱ्यावर नव्हती. एका ठिकाणी पेशी मोजल्या जात होत्या, दुसऱ्या ठिकाणी पेशींमधली मोकळी जागा. तेव्हापासून पुढच्या ओळी लिहिल्याशिवाय मी कोणताही मॅक्रो टर्मिनलवर नेत नाही.

- `सेटऑप्शन("ब्लॅकबॅकग्राउंड", ट्रू)`: पार्श्वभूमी काय मानायची ते ठामपणे.
- `सेट मेझरमेंट्स` ची पूर्ण ओळ: क्षेत्रफळ, सरासरी वगैरे जे हवे ते, `रिडायरेक्ट=नन`, आणि दशांशस्थळे किती तेही. त्यात `डिस्प्ले` हा शब्द घाला, म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रतिमेचे नाव येते. शेकडो प्रतिमांच्या कामात हे नाव नसेल तर तक्ता निरुपयोगी ठरतो.
- `सेटऑटोथ्रेशोल्ड` ला पद्धत आणि "डार्क" हा शब्द दोन्ही. `"ओत्सू डार्क"` आणि नुसते `"ओत्सू"` यांत निवडलेला भाग उलटा होतो.
- मोजपट्टी प्रत्येक प्रतिमेला वेगळी द्या. `सेट स्केल` मधला "ग्लोबल" टाळा, नाहीतर तीच मोजपट्टी पुढच्या सगळ्या प्रतिमांना लागते, मग त्या वेगळ्या वस्तुभिंगाने घेतलेल्या असल्या तरी.

सूक्ष्मदर्शकाच्या कंपनीच्या स्वरूपातल्या फाइल असतील तर त्या वाचणारे बायोफॉरमॅट्स हे प्लगिन लागेल. त्याचा नेहमीचा आयातकर्ता चौकट दाखवू पाहतो. टर्मिनलसाठी `बायोफॉरमॅट्स विंडोलेस इंपोर्टर` वापरा. पर्यायांच्या ओळीत फाइलचा मार्ग चौकटी कंसात द्या: `ओपन=[मार्ग]`. कंस नसेल आणि मार्गात मोकळी जागा असेल तर इमेजजे पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचाच भाग वाचते आणि फाइल नाही म्हणून थांबते.

तपासणी: फिजी असलेल्या दुसऱ्या संगणकावर किंवा नव्या वापरकर्त्याच्या खात्यात हा मॅक्रो एका प्रतिमेवर चालवा. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत.

## टप्पा ४: बाहेरून मूल्ये आत आणा

`-मॅक्रो` च्या पुढे मॅक्रोचा मार्ग येतो आणि त्यानंतर एकच मजकूर. तो मॅक्रोत `गेटआर्ग्युमेंट()` ने मिळतो. मोकळी जागा सोडून तीन मूल्ये दिली तर तीन मिळतील ही समजूत चुकीची आहे. सगळी मूल्ये एका अवतरणात, एका चिन्हाने वेगळी करून द्या:

`-मॅक्रो /डेटा/मॅक्रो/पेशी.आयजेएम "/डेटा/मूळ;/डेटा/निकाल;२०"`

मग मॅक्रोत `स्प्लिट` ने अर्धविरामावर तोडा. स्वल्पविराम मी वापरत नाही, कारण तो फाइलच्या नावांत येतो. अवतरणचिन्हे मात्र विसरू नका. ती नसतील तर लिनक्सचे टर्मिनल अर्धविरामाला आज्ञेचा शेवट समजते आणि उरलेला भाग नवी आज्ञा म्हणून चालवू पाहते.

तोडलेले तुकडे मजकूर असतात, संख्या नसतात. उंबरठा, किमान क्षेत्रफळ अशा गोष्टी `पार्सफ्लोट` मधून काढा आणि `इजनॅन` ने तपासा. तुकडे अपेक्षित तितकेच आहेत का, मूळ फोल्डर खरोखर आहे का (`फाइल.इजडिरेक्टरी`), निकालाचे फोल्डर नसेल तर ते तयार केले का, हे सगळे पहिल्याच दहा ओळींत उरका. मिळालेली प्रत्येक किंमत तिथेच छापा. सहा महिन्यांनी नोंदवही (छापलेला मजकूर साठवणारी फाइल, टप्पा ६ पाहा) उघडाल तेव्हा किमान क्षेत्रफळ किती धरले होते ते तिथे लिहिलेले सापडेल.

मार्गांबद्दल तीन सूचना.

मॅक्रोचा मार्ग पूर्ण द्या. नुसते नाव दिले तर इमेजजे ते स्वतःच्या `मॅक्रोज` फोल्डरात शोधते, आणि तिथे त्याच नावाची जुनी प्रत पडलेली असली तर तीच चालते.

विंडोजवर फोल्डरचा मार्ग उलट्या तिरप्या रेघेने संपवून लगेच अवतरणचिन्ह बंद करू नका. ती रेघ चिन्हालाच गिळते आणि पुढचा सगळा मजकूर एकात मिसळतो. विंडोजवरही सरळ तिरपी रेघ चालते. सगळीकडे तीच वापरा.

फाइल आणि फोल्डरांच्या नावांत रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच ठेवा. देवनागरीतले नाव पडद्यावर नीट दिसते, पण टर्मिनलमधून जावापर्यंत जाताना काही संगणकांवर त्याची प्रश्नचिन्हे होतात.

मॅक्रोच्या डोक्यावर `#@` ने सुरू होणाऱ्या, मूल्ये मागणाऱ्या ओळी असतील तर प्रकरण निराळे. ती मूल्ये `-मॅक्रो` ने भरू नका. त्यासाठी `--रन` आहे, आणि त्यात नाव=मूल्य अशा जोड्या स्वल्पविरामाने द्यायच्या असतात. लिनक्सवर बाहेर एकेरी आणि आत दुहेरी अवतरण, विंडोजवर बरोबर उलट. एका मॅक्रोत `गेटआर्ग्युमेंट` आणि `#@` दोन्ही ठेवू नका.

तपासणी: टर्मिनलवर जाण्याआधी फिजीच्या खिडकीतून एक ओळीचा वेगळा मॅक्रो लिहा: `रनमॅक्रो(मार्ग, "मूळ;निकाल;२०")`. मूल्ये तशीच आत जातात, आणि चूक असेल तर ओळ क्रमांकासह समोर दिसते.

## टप्पा ५: फोल्डरावरून फिरणे

प्रत्येक प्रतिमेसाठी टर्मिनलवरून फिजी नव्याने सुरू करू नका. दर वेळी जावा आणि सगळी प्लगिन उभी राहण्यात वेळ जातो, आणि लहान प्रतिमांच्या बाबतीत तो वेळ कामापेक्षा जास्त असतो. फेरा मॅक्रोच्या आतच घाला.

पण याला दुसरी बाजू आहे. इमेजजेच्या मॅक्रोभाषेत त्रुटी झेलून पुढे जाण्याची सोय नाही. एक बिघडलेली फाइल आली की संपूर्ण फेरा तिथेच संपतो. मी मधला मार्ग धरतो: एका फोल्डरासाठी एकदा फिजी. प्रतिमा ५०–१०० च्या गठ्ठ्यांत वाटलेल्या असल्या की एक गठ्ठा पडला तरी बाकीचे पार पडतात.

`गेटफाइललिस्ट` नुसती नावे देते, पूर्ण मार्ग नाही. उपफोल्डरांच्या नावाशेवटी तिरपी रेघ येते. प्रतिमा नसलेल्या फाइलही यादीत येतात. म्हणून नाव लहान अक्षरांत करून शेवट तपासा आणि `.टिफ` व `.टीआयएफ` दोन्ही धरा. निकालाचे फोल्डर मूळ फोल्डराच्या आत ठेवू नका. दुसऱ्यांदा चालवताना मॅक्रो कालचे मास्क मूळ प्रतिमा समजून मोजतो.

फेऱ्याच्या प्रत्येक वळणाचा क्रम असा ठेवा: तक्ता रिकामा, प्रतिमा उघडा, क्रमांक घ्या, काम, तक्ता त्याच प्रतिमेच्या नावाने जतन, सगळ्या प्रतिमा बंद. तक्ता शेवटी एकदाच जतन करण्याचा मोह टाळा. ऐंशिव्या प्रतिमेवर मॅक्रो पडला तर आधीच्या एकोणऐंशींचे आकडे हाती राहायला हवेत. "सगळ्या बंद" ही पायरी गळाली तर स्मृती भरत जाते आणि मॅक्रो दर वेळी वेगळ्याच प्रतिमेवर थांबतो. त्या प्रतिमेत दोष शोधत बसू नका.

## टप्पा ६: पूर्ण आज्ञा

`./इमेजजे-लिनक्स६४ --मेम=४०००एम --हेडलेस --कन्सोल -मॅक्रो /डेटा/मॅक्रो/पेशी.आयजेएम "/डेटा/मूळ;/डेटा/निकाल;२०" > नोंद.टीएक्सटी २>&१`

फिजीचे पर्याय आधी, `-मॅक्रो` आणि त्याचा मजकूर शेवटी, हा क्रम पाळा. छापलेला मजकूर आणि त्रुटी नोंद फाइलमध्ये नेणारे शेवटचे दोन तुकडेही दिलेल्या क्रमानेच ठेवा. `२>&१` आधी लिहिले तर त्रुटी फाइलमध्ये जात नाहीत, पडद्यावर येऊन निघून जातात.

स्मृतीची मर्यादा दर प्रतीला स्वतंत्र असते. एकाच वेळी चार प्रती चालवणार असाल तर ४००० मेगाबाइट गुणिले चार, आणि वर यंत्रणेसाठी जागा, एवढी स्मृती आहे का ते आधी पाहा.

इशारा: याच संगणकावर इमेजजेची खिडकी उघडी असेल तर ती बंद करा. एकच प्रत चालू ठेवण्याची सेटिंग लावलेली असेल तर हेडलेस न वापरता दिलेली आज्ञा त्या उघड्या खिडकीकडे जाते, टर्मिनल क्षणात मोकळे होते आणि तुमच्या नोंदवहीत काहीच येत नाही.

काम संपूनही आज्ञा परत येत नसेल तर मॅक्रोच्या शेवटी `इव्हॅल("स्क्रिप्ट", "सिस्टिम.एक्झिट(०);")` घाला. हीच ओळ शून्याऐवजी दुसरा आकडा देऊन तपासणी फसल्याच्या जागी वापरता येते, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्टला अपयश कळते. मॅक्रो मध्येच पडला तर बाहेर अपयशाचा आकडा येईलच असे धरून चालू नका. शेवटच्या ओळीत "पूर्ण" आणि झालेल्या प्रतिमांची संख्या छापा. नोंदवहीत ती ओळ नसेल तर काम अपुरे आहे.

## टप्पा ७: हेडलेस जमतच नसेल तर

काही प्लगिन खिडकीशिवाय चालतच नाहीत. लिनक्सवर त्यांना `एक्सव्हीएफबी` चा खोटा पडदा देता येतो: आज्ञेच्या आधी `एक्सव्हीएफबी-रन -ए` लावा, `--हेडलेस` काढा, आणि `-मॅक्रो` ऐवजी `-बॅच` घ्या, म्हणजे काम संपल्यावर फिजी बंद होते.

यात धोका एकच, पण मोठा. आता चौकटी खरोखर उघडतात, फक्त कुणाला दिसत नाहीत. एखादी त्रुटीची चौकट उघडली की फिजी "ठीक" दाबले जाण्याची वाट पाहत बसते, आणि नोंदवही कोरी राहते. म्हणून आज्ञेला `टाइमआउट` ची मर्यादा घाला. गठ्ठ्याला नेहमी लागतो त्याच्या तिप्पट वेळ पुरेसा होतो.

## टप्पा ८: खरा संच लावण्याआधी

पाच प्रतिमा निवडा. त्यांत एक जवळपास रिकामी, एक खूप गर्दीची आणि एक वेगळ्या मोजपट्टीची असू द्या. त्या फिजीच्या खिडकीतून आणि टर्मिनलवरून अशा दोन्हीकडे चालवा आणि तक्ते `डिफ` ने ताडून पाहा. एकही ओळ वेगळी निघाली तर टप्पा ३ कडे परत जा. फरक लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण या कामात आकडे गोल करण्यामुळे फरक पडत नाही. तोच मॅक्रो, तीच आवृत्ती आणि त्याच प्रतिमा असतील तर आकडे तंतोतंत जुळायला हवेत.

रिकाम्या प्रतिमेकडे विशेष लक्ष द्या. स्वयंचलित उंबरठा तिच्यातही काहीतरी निवडतोच आणि गोंगाटाचे ठिपके पेशी म्हणून मोजले जातात. पडद्यासमोर बसून काम करताना तुम्ही अशी प्रतिमा डोळ्यांनी वगळत होता. आता तो निर्णय मॅक्रोत लिहावा लागेल: किमान क्षेत्रफळ, किंवा उजेडाची एक किमान पातळी, आणि त्याखाली गेल्यास "वगळली" अशी नोंद.

क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेने) रात्री चालवणार असाल तर पाच प्रतिमांची हीच चाचणी क्रॉनमधूनही एकदा घ्या. क्रॉनचे चालू फोल्डर आणि वातावरण तुमच्या टर्मिनलसारखे नसते. आज्ञेतल्या `./` च्या जागी फिजीचा पूर्ण मार्ग लिहा, नोंद फाइलचाही पूर्ण मार्ग द्या. सकाळी आधी नोंदवहीतली "पूर्ण" ही ओळ शोधा, मग मूळ प्रतिमांची आणि तक्त्यांची संख्या ताडून पाहा, आणि त्यानंतरच आकडे उघडा.